गार्डाशिवाय गाडी हलत नाही

नामदेव येवल्यांच्या गाडीत मागच्या सीटवर बसणाऱ्या माणसाला काम असतं. इतरांच्या गाडीत मागे बसलेला माणूस झोपतो, मोबाईल बघतो किंवा रस्ता चुकल्याचं पुढच्याला सांगतो. येवल्यांच्या गाडीत त्याने ड्रायव्हरच्या पाठीमागच्या खिडकीशी बसायचं, काच खाली घ्यायची, मान वळवून मागून काही येत नाही ना हे बघायचं आणि मग हिरवं फडकं बाहेर काढून हलवायचं. एवढ्यावर भागत नाही. "ऑल राइट" असं मोठ्याने म्हणायचंही असतं. पुढून येवले "ऑल राइट" म्हणतात, एक हॉर्न देतात, आणि मगच गाडी हलते. हा सगळा सोहळा बहुतेक वेळा कोपऱ्यावरच्या डेअरीतून दूध आणण्यासाठी असतो.

पहिल्यांदा त्या गाडीत बसलो तेव्हा मला यातलं काही ठाऊक नव्हतं. पुण्यातल्या एका छापखान्यात मुद्रितं तपासण्यात माझी हयात गेली. निवृत्त झाल्यावर बरी हवा मिळेल म्हणून लोणावळ्याच्या तुंगार्लीत दोन खोल्या घेतल्या. हवा बरी आहे. शनिवार-रविवारी ती पर्यटकांसाठी राखीव असते एवढंच. येवले माझे शेजारी. मला पुण्याला जायचं होतं, तर स्टेशनवर सोडतो म्हणाले. मी मागे बसलो, कारण पुढच्या सीटवर जॅक, जुनी बॅटरी आणि एक फणस असे तिघे आधीच बसले होते. इंजिन सुरू झालं. येवले स्टिअरिंगवर हात ठेवून स्तब्ध. बराच वेळ गेल्यावर मी विचारलं, काही बिघडलंय का.

"बिगडलं काय न्हाई. तुमी शिग्नल देत न्हाई."

माझ्या मांडीशेजारी ते फडकं नीट घडी घालून ठेवलेलं होतं. मी ते हलवलं. पुण्याची गाडी तोवर निघून गेली होती, पण येवल्यांच्या मते आमची सुटका अगदी नियमाप्रमाणे झाली होती.

येवले रेल्वेत ड्रायव्हर होते, पण पुढच्या इंजिनावर नव्हे. मुंबईकडून येणाऱ्या गाड्यांना घाट चढवायला कर्जतला मागून जादा इंजिनं जोडतात. ती गाडीला लोणावळ्यापर्यंत ढकलत आणतात आणि इथे सुटतात. गाडी पुण्याकडे निघून जाते. आतल्या माणसांचं लक्ष तेव्हा चिक्कीवाल्याकडे असतं. येवल्यांची उभी नोकरी या ढकलण्यात गेली. गाडीच्या शेवटी गार्डाचा डबा आणि त्याला नाक लावून येवल्यांचं इंजिन. म्हणजे घाटभर डोळ्यांसमोर रूळ नाहीत, दरी नाही, धबधबे नाहीत. फक्त गार्ड.

"पुढं काय हाय ते मला कदी दिसलंच न्हाई, साहेब," ते सांगतात. "गार्ड दाखवंल तेवढी दुनिया."

अशा माणसाने निवृत्त झाल्यावर मोटार घेतली आणि समोर भलीमोठी काच, तिच्यातून सरळ दिसणारा रस्ता, असं सगळं एकदम वाट्याला आलं, तर त्याने गोंधळून जायचं नाही तर काय करायचं? त्यांनी रस्ता स्वीकारला, पण गार्ड सोडला नाही.

गाडी घेतली तीही कुणा चौथ्या-पाचव्या मालकाकडून. एके काळी प्रत्येक गल्लीत एक तरी दिसायची ती छोटी, चौकोनी गाडी. आरसी बुकात रंग पांढरा लिहिलेला आहे आणि त्यावर विश्वास ठेवावा लागतो. डाव्या बाजूचं मागचं दार बाहेरूनच उघडतं. पण या गाडीला येवल्यांसमोर नावं ठेवायची सोय नाही. एकदा वळवणजवळ ती थांबली तेव्हा मी सहज म्हणालो, की फेल झाली वाटतं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी त्यांच्या अंगणात थुंकलो असतो तरी चाललं असतं.

"फेल न्हाई. ट्रबल हाय."

यातला फरक त्यांनी मला तिथेच, रस्त्याच्या कडेला, ट्रकच्या धुरात समजावून दिला. इंजिन फेल झालं असं एकदा कागदावर चढलं की चौकशी लागायची, ड्रायव्हरची मान खाली जायची. म्हणून चांगला ड्रायव्हर तो शब्द जिभेवर येऊच द्यायचा नाही. ट्रबल काढायचा आणि गाडी वर आणायची. त्यांच्या पत्नी सुमनवहिनी म्हणतात, "लगीन झाल्यापासनं ह्यांच्या तोंडातनं फेल म्हणून निगालं न्हाई. आमचा म्हेश बारावीला दोनदा बसला, तवाबी त्येला ट्रबलच हुता."

ट्रबल काढायची येवल्यांची एक पद्धत आहे. गाडी थांबली की खाली उतरायचं आणि पहिल्यांदा दोन्ही हात खिशात घालायचे. घाईत हात लावणारा ड्रायव्हर एकाचे दोन ट्रबल करतो, असं त्यांचं म्हणणं. हात खिशात ठेवून गाडीभोवती सावकाश एक चक्कर मारायची, तोंडात लवंग ठेवायची, ती संपेपर्यंत विचार करायचा. मागे गाड्यांची रांग लागते, लोक हॉर्न वाजवतात, कुणी काच खाली करून येवल्यांच्या घराण्याची चौकशी करतो. येवले फिरत राहतात. लवंग संपली की बॉनेट उघडायचं, आणि सगळ्यात सोपी गोष्ट सगळ्यात आधी तपासायची. वायर सैल आहे का, पाणी आहे का, पेट्रोल आहे का. मी म्हणतो, पेट्रोल आहे का हे लवंगेच्या आधी बघायला काय हरकत आहे? पण पद्धत म्हणजे पद्धत.

गाडीत त्यांनी सुधारणाही केल्या, बेताच्याच. दिवे थोडे पांढरे बसवले. ड्रायव्हरच्या सीटखाली लाकडी फळी सरकवली, कारण इंजिनात सीट ताठ असायची आणि मऊ सीटवर त्यांना ड्यूटी केल्यासारखं वाटत नाही. डॅशबोर्डवर एक छोटा पंखा आला. तो वारा कमी देतो आणि आवाज जास्त. इथवर मला मान्य होतं. मग बाहेर दोन्ही बाजूंना टेम्पोचे असतात तसे लांब दांड्याचे आरसे आले. गाडीला त्यामुळे ससा रागावल्यासारखं रूप आलं. त्यावरही कडी म्हणजे त्यांनी मागच्या नंबरप्लेटवर कॅमेरा बसवला आणि त्याचा पोस्टकार्डाएवढा पडदा स्टिअरिंगच्या उजवीकडे, खाली, तिथे लटकणाऱ्या टॉवेलाआड लावून घेतला.

मला याचं वाईट वाटलं. खंडाळ्याला येणाऱ्या भल्याथोरल्या गाड्या बघून, त्या मागे घेऊन उभ्या करताना किती टुकटुक करतात याची नक्कल करणारा हा माणूस. तोही शेवटी या टुकटुकीला भुलला, असा मी निष्कर्ष काढला. मी त्यांना टोमणा मारला, की आता कॅमेरा आला, गार्डाची नोकरी गेली म्हणायची. ते फडक्याने काच पुसत राहिले. आणखी एक गोष्ट मी पाहिली होती, पण तिचा अर्थ मला लागला नव्हता. मी मागे बसलो की तो पडदा कधीच चालू नसे.

मी तसा बदली गार्ड. बाकीच्या दिवशी दूध, भाजी, दवाखाना यांचा. गुरुवारचा गार्ड खराखुरा होता. कामशेतजवळच्या बेडशाचे लक्ष्मण गवारी. त्यांची नोकरी गार्डाची, आणि घाट चढताना येवल्यांच्या इंजिनासमोर ज्या गार्डांचे चेहरे असत त्यातला हा चेहरा सगळ्यात जास्त वेळा आलेला. घाटभर समोरासमोर उभे, मध्ये काच आणि इंजिनाचा आवाज. बोलणं शक्यच नव्हतं. सगळा व्यवहार हातांनी. बोगद्यात शिरलं की गवारी बॅटरी स्वतःच्याच तोंडावर मारायचे. "मी हाय म्हणून," येवले सांगतात. "अंदारात ड्रायव्हरला वाटाया नको, की पुढं कुनी न्हाई." बोगदे संपले की बॅटरी बंद. पुढच्या बोगद्यात परत चेहरा. दोघं एकमेकांशी प्रत्यक्ष बोलू लागले ते निवृत्तीनंतर, आणि तोवर बोलायचं फारसं काही उरलं नव्हतं.

दर गुरुवारी येवले बेडशाला जात, गवारींना मागच्या सीटवर बसवत आणि जुन्या हायवेने खंडाळ्यापर्यंत नेत. तिथे वर येणाऱ्या गाड्या दिसतात. त्या बघायच्या, चहा घ्यायचा आणि परत. एवढाच कार्यक्रम.

आणि तोच आता धोक्यात आला होता. गाडीचं पासिंग संपत आलं होतं. मुलगा महेश वाकडला असतो, कॉम्प्युटरवर काम करतो. त्याने बापाकडून कबूल करून घेतलं, की गाडी पास झाली तर ठीक. नाही झाली तर भंगारात द्यायची आणि या वयात ड्रायव्हिंग बंद. पोरगा वाईट नाही. गुरुवारी दारात भाड्याची गाडी उभी करतो, थेट बेडशाला जा, असं तो म्हणाला होता. मलाही ते शहाणपणाचं वाटलं, आणि मी तसं बोललो.

येवले म्हणाले, "भाड्याच्या गाडीत लक्षिमन नुस्ता पॅशिंजर हुईल, साहेब."

नेमकं त्याच सुमाराला गाडीने नवीन ट्रबल दिला. घरून निघावं, सगळं ठाकठीक. कार्ल्याचा फाटा मागे पडला की इंजिन दोनदा खोकायचं आणि गप्प व्हायचं. येवले उतरायचे, हात खिशात, चक्कर, लवंग. लवंग संपेपर्यंत गाडी आपोआप सुरू व्हायची, आणि त्यांच्या पद्धतीवरचा त्यांचा विश्वास आणखी वाढायचा. थोडं अंतर गेलं की परत खोकला. पासिंगच्या मैदानाचा रस्ता तर कार्ल्याच्या कितीतरी पुढचा. तिथल्या साहेबासमोर हात खिशात घालून फिरता येणार नव्हतं.

त्यांनी प्लग बदलले, प्लगच्या वायरी बदलल्या, फिल्टर बदलला. वळवणच्या मेकॅनिकने पंप बदलायला सांगितला, तोही बदलला. अंगणात एक चादर अंथरून त्यावर जुने भाग ओळीने मांडलेले असत, सत्यनारायणाची तयारी असावी तसे. वहिनी तुळशीला पाणी घालायला जाताना त्यांना वळसा घालून जायच्या आणि मला ऐकू येईल असं म्हणायच्या, "माज्या कुकरला कदी येवडी माया लावली न्हाई. आन् त्येची रिंग तेवडी कापून नेली."

मी हे ऐकलं आणि सोडून दिलं. मुद्रितशोधकाचा हा रोग आहे. चूक दिसते, पण समोर कागद नसला की कळत नाही.

त्या आठवड्यात बेडशाला गाडी नेण्याचा धीर येवल्यांना झाला नाही. गवारीच जीपने कामशेतला आणि तिथून रेल्वेने आले. पुतण्या हात धरून सोडून गेला. काळा चष्मा, पांढरी टोपी, हातात काठी. अंगणात खुर्ची मांडलेली होती, पण ते उभ्या गाडीत मागे जाऊन बसले. येवले नुकतेच गाडी एकदा लांबवर पळवून, रस्त्यात एक लवंग संपवून परत आले होते. डब्यातलं पेट्रोल ओतावं म्हणून त्यांनी टाकीचं झाकण फिरवलं. मी दोन हातांवर उभा होतो. मला काहीही ऐकू आलं नाही.

गवारींनी मान उचलली. "नामा, परत लाव ते. आन् परत काड."

येवल्यांनी झाकण लावलं, गाडी थोडा वेळ चालू ठेवली, परत काढलं. या वेळी मलाही ऐकू आलं. बारीक, लांब, श्वास आत ओढल्यासारखा आवाज.

"व्हॅकूम धरतंय तुजं," गवारी म्हणाले.

मग सगळं बाहेर आलं. पावसाचं पाणी टाकीत जातं असा येवल्यांना संशय होता. त्यांनी कुकरची रिंग कापून झाकणाला असा काही वायसर बसवला होता, की हवेचा कणही आत जाणार नाही. पूर्वी रेल्वेगाड्यांचे ब्रेक व्हॅकूमवर चालत. कुठे जराशी हवा आत शिरली की ब्रेक लागून गाडी जागेवर उभी. त्यामुळे हवा आत जाऊ द्यायची नाही हे येवल्यांच्या रक्तात मुरलेलं. पण टाकीतलं पेट्रोल जसं कमी होईल तशी तिथे हवा जायला लागते, नाहीतर पंपाने कितीही ओढलं तरी पेट्रोल येत नाही. गाडी थांबली, की लवंग संपेपर्यंत थोडी हवा कुठून तरी झिरपायची आणि तेवढ्यावर इंजिन परत सुरू व्हायचं. उभी नोकरी ज्या गोष्टीने गाडी चालवली, तिनेच ही गाडी अडवली होती.

येवल्यांनी रिंग काढून वहिनींना परत दिली. वहिनींनी ती दोन बोटांत धरून हुंगली आणि पुन्हा त्यांच्याच हातात ठेवली.

पासिंगच्या दिवशी गार्ड म्हणून मी गेलो. कार्ल्याचा फाटा मागे पडला, कामशेत मागे पडलं, गाडी खोकली नाही. मैदानावरचे साहेब तरुण होते. त्यांनी दिवे बघितले, हॉर्न ऐकला, आरशांपाशी थांबले.

"एवढे मोठे आरसे कशाला?"

"मागचं दिसाया."

"आणि हा कॅमेरा?"

"त्योबी मागचंच दावतो."

"काका, तुम्ही पुढचं बघता की नाही?" साहेब हसले. मग पडद्याचं बटण दाबून बघितलं. "चालतो का हा?"

"बेस्तरवारी चालतो," येवले म्हणाले.

गुरुवारला इकडे बेस्तरवार म्हणतात. साहेबांना शब्द कळला असावा, उत्तर कळलं नाही. ते पुढच्या सीटवर बसले आणि गाडी घ्या म्हणाले. गाडी हलली नाही. मी माझं कर्तव्य ओळखलं. काच खाली केली, मागे बघितलं, हिरवं फडकं बाहेर काढलं आणि शक्य तेवढ्या हळू आवाजात "ऑल राइट" म्हणालो. येवल्यांनी मुळीच हळू नसलेल्या आवाजात उत्तर दिलं. साहेबांनी वळून माझ्याकडे बघितलं. माझ्या वयाकडे, चष्म्याकडे, फडक्याकडे. मग त्यांनी ब्रेक दोनदा लावायला सांगितले, आणि दोन्ही वेळा गाडी अशी थांबली की त्यांची पेनं खिशातून उडाली. गाडी पास झाली.

पुढच्या गुरुवारी येवले मलाही बरोबर घेऊन गेले. गुरुवारी माझी पायरी खाली येते. मी पॅशिंजर, पुढच्या सीटवर. बेडशाला गवारी रस्त्याच्या कडेलाच उभे होते. येवल्यांनी हॉर्न दिला तेव्हा ते वळले, दाराच्या कडेवर हात फिरवत कडी शोधली आणि मागे, आपल्या खिडकीशी बसले. मला पहिल्यांदाच दिसलं, की टॉवेल बाजूला सारलेला आहे आणि पडदा चालू आहे.

खंडाळ्याच्या अलीकडे, जिथून खालची लाईन दिसते तिथे आम्ही थांबलो. पूर्वी इथे थांबलं तर वाऱ्याशिवाय काही ऐकू येत नसे. आता मक्याची कणसं, घोडेवाले, गाणी लावलेल्या गाड्या. गवारी त्या सगळ्या गलक्यातून कान काढून बसले होते. आम्हाला काही कळायच्या आत ते म्हणाले, "आली. दोन इंजिनं हायत मागं." गाडी बोगद्यातून बाहेर आली. दोन इंजिनं होती. गवारींनी खिडकीतून हात बाहेर काढून फडकं हलवलं.

"गार्ड हाय का उबा?"

"हाय की," येवले म्हणाले.

"त्यानं हात केला?"

"केला."

मी बघत होतो. शेवटच्या डब्याच्या दारात कुणीही नव्हतं. मी येवल्यांकडे बघितलं. ते समोरच्या काचेवरचा न दिसणारा डाग पुसत होते.

चहा झाला. परत निघायचं म्हणून इंजिन सुरू झालं. मागे गवारींनी काच पूर्ण खाली केली, मान बाहेर काढली. पण मान वळली ती तिरकी, कान रस्त्याकडे करून. ते ऐकत होते. एक ट्रक गेला, एक मोटारसायकल गेली. मग शांत झालं. हिरवं फडकं बाहेर आलं.

"ऑल राइट."

येवल्यांचा "ऑल राइट" आला नाही. त्यांची नजर त्या पोस्टकार्डाएवढ्या पडद्यावर होती. मी वाकून बघितलं. मागून बॅटरीवरची स्कूटर येत होती, भाड्याने मिळते तसली, तिच्यावर हसत-खिदळत दोन पोरं. त्या स्कूटरला आवाज नसतो. ती आमच्या आरशाला घासेल की काय इतक्या जवळून, वाऱ्यासारखी निघून गेली.

गवारींना आता जवळजवळ काहीच दिसत नाही, हे मला तेव्हा कळलं. आरसे कशासाठी आले, कॅमेरा कशासाठी आला, तो माझ्या दिवशी बंद का असतो, हेही कळलं.

"का रं थांबला?" मागून आवाज आला. "मी दाखवलाय शिग्नल."

येवल्यांनी गियरचा दांडा उगाच दोनदा खडखडवला. "गियर पडंना."

"जुनी झाली रं नामा तुजी गाडी."

या वाक्यावर येवल्यांनी माणसं खाली उतरवलेली आहेत.

"व्हय," येवले म्हणाले. "फेल हाय गियर. तुजी काय चूक न्हाई. दाव पुन्यांदा."

त्यांनी पडद्याकडे एकदा बघितलं. रस्ता मोकळा होता. मागे फडकं हललं.

"ऑल राइट."

"ऑल राइट," येवले म्हणाले, आणि एक हॉर्न दिला.